प्लास्टिकचा उपवास

ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस उपवासकाळ म्हणून पाळले जातात आणि त्या दिवसांत आवडीची एखादी गोष्ट सोडण्याचा प्रघात आहे. २०१८ साली चर्च ऑफ इंग्लंडने श्रद्धाळूंना एकदाच वापरून फेकावयाचे प्लास्टिक सोडण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी दिवसागणिक सूचना देणारी दिनदर्शिका काढली. योगायोग असा, की त्याच उपवासकाळात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या आणि प्लास्टिक-थर्माकोलची ताटे, पेले यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरला. तिकडे व्रत, इकडे दंड. कायदा आवश्यक होता याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु दंडाचे भय तपासनीस दिसेपर्यंतच टिकते, हे कोणत्याही आठवडेबाजारातून फेरी मारली म्हणजे कळते. व्रत कोणी पाहत नसतानाही पाळावे लागते, आणि तेच त्याचे बळ.

ही कल्पना आपणांस परकी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास हा नेम धरण्याचाच काळ. कोणी कांदा-लसूण सोडते, कोणी एकभुक्त राहते, कोणी पानावरच जेवते. आणि त्या एकादशीकडे जाणारी तुकोबांच्या पालखीची वाट बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरास्नान. पायघडीचे धोतर उचलून धुतले की पुन्हा वापरात येते. पालखी पुढे गेल्यावर त्याच रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या, फराळाच्या पिशव्या आणि चहाचे पेले उरतात. त्यांतले जे उचलायचे राहते, ते वाऱ्याने उसात शिरते आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यावाटे नीरेला मिळते.

यात वारकऱ्याचा दोष कमी आणि दात्याचा अधिक, असे आमचे मत आहे. चालणारा माणूस हाती येईल त्या भांड्यात घेतो. भांडे कोणते, हे वाढणारा ठरवतो. अन्नदान करून आपण पुण्य जोडावे आणि खरकटे प्लास्टिक दुसऱ्याच्या बांधावर पडावे, तर त्या पुण्याचा हिशेब कसा मांडायचा? प्लास्टिकऐवजी कागदी पेला दिला म्हणजे भागले, असेही नाही. त्याच्या आतून बहुधा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, असला हा प्रकार. पत्रावळ, द्रोण आणि धुऊन वापरता येणारा स्टीलचा पेला हे जुनेच उपाय आजही खरे आहेत. त्यांत कष्ट अधिक आहेत, हे मान्य. पण कष्टाशिवाय नेम तो कसला?

येथे एक विवेक राखला पाहिजे. इंदापूरच्या कोरडवाहू माळावर डाळिंब उभे आहे ते ठिबकच्या नळ्यांवर आणि शेततळ्यात अंथरलेल्या कागदावर, आणि शेतकरी ज्याला कागद म्हणतो तेही प्लास्टिकच. वर्षानुवर्षे पाणी वाचवणारे हे प्लास्टिक आणि दहा मिनिटांत फेकली जाणारी पिशवी यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. उपवास दुसरीचा करावयाचा आहे.

आक्षेप असा येईल की, कारखान्यांनी पिशव्या काढाव्यात आणि त्या सोडण्याचा भार घरच्या बाईने वाहावा, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे. प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांवरही जबाबदारी टाकली आहे. व्रताच्या नावाखाली त्यांना सुटका मिळता कामा नये. उजनीच्या फुगवट्याचे उदाहरण घ्या. भिगवणला लोक रोहित पक्षी पाहावयास येतात, परंतु मुळा-मुठा पुण्याची घाण भीमेत आणते आणि भीमा ती याच पाण्यात आणून सोडते. इंदापूरकराने कितीही नेम पाळले तरी पुण्याचे पाप त्याच्या दारी यायचे राहत नाही. मात्र ज्याने स्वतःच्या हातची पिशवी सोडली आहे, त्याला पुण्याला आणि कारखानदाराला जाब विचारताना खाली पाहावे लागत नाही. व्रताने व्यवस्था बदलत नसेल, पण ती बदला म्हणणारा माणूस उभा राहतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या चातुर्मासात तीन नेम धरावेत : बाजाराला जाताना कापडी पिशवी, दुधासाठी घरची किटली, आणि अन्नदानात फेकावयाचे प्लास्टिक नाही. बारामती आणि इंदापूर हा दुभत्याचा मुलूख. येथे तरी किटली घेऊन गोठ्यापर्यंत जाणे अवघड नसावे. तिसरा नेम मात्र एकादशीची वाट पाहणार नाही. पालखी त्याआधीच दारावरून जाते. तो तिच्या स्वागताच्या दिवशीच सुरू करावा लागेल.