गावाचं नाव, पानाचं शीर्षक

मी मूळचा यवतमाळचा. विकिपीडियावर कुणी 'यवतमाल' लिहिलं की हात शिवशिवतात! पण हल्ली मी थेट शीर्षक बदलत नाही. साधा टायपो असेल तर ठीक; वाद होण्यासारखं असेल तर आधी चर्चापानावर विनंती, सोबत पुरावा. 'मी तिथलाच' हा काही पुरावा नव्हे.

आमच्या जिल्ह्याचंच बघा ना. इंग्रजी अमदानीत तो वणी जिल्हा होता, १९०५ साली यवतमाळ झाला. जुने कागद चाळणारा वणीच शोधत येणार. म्हणून योग्य नाव जरूर द्या, पण जुन्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवा. फंक्शनचं नाव बदलताना जुने कॉल तुटू नयेत म्हणून आपण जपतोच की! मग गावांच्या बाबतीत एवढी घाई कशाला?