नवले पुलाचा उतार: कारवाला आणि ट्रकवाला, दोघांनाही घरी पोचायचंय

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवारची संध्याकाळ. साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने निघालेला एक अवजड कंटेनर नवले पुलाजवळ अनियंत्रित झाला आणि पुढच्या एकेका वाहनाला धडकत गेला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक कार चिरडली, मग आग लागली. आठ जणांचा जीव गेला. बिबवेवाडीतून हा पूल काही लांब नाही. कात्रज चौकातून आंबेगावमार्गे बायपासला लागलं की आलाच. त्या संध्याकाळी आपल्यापैकी अनेकांनी घरच्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला असेल: "कुठे आहेस? पोचलास ना?"

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला असं नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच पट्ट्यात एका ट्रकने गाड्यांची रांगच्या रांग चेपली होती. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये ४८ वाहनांचं नुकसान झाल्याचं सांगितलं गेलं. त्याआधी आणि त्यानंतरही लहानमोठे अपघात होतच राहिले. प्रत्येक वेळी तीच चर्चा होते. कारवाले म्हणतात, ट्रकवाले माजलेत. ट्रकवाले म्हणतात, कारवाल्यांना गाडी चालवता येत नाही. आठवडाभराने सगळे विसरतात.

आम्हाला वाटतं, या भांडणात मूळ मुद्दाच हरवतो. हायवेवर एकमेकांना सांभाळून घेणं म्हणजे नुसता चांगुलपणा नाही. समोरच्या वाहनाला काय जमत नाही, हे ओळखून आपली गाडी चालवणं म्हणजे सांभाळून घेणं.

ट्रक का थांबत नाही?

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. कारमध्ये बसलेल्याला तो उतार फारसा जाणवतही नाही. पण भरलेला मोठा कंटेनर ३५-४० टनांचा सहज असतो. आपली छोटी कार जेमतेम एक टनाची. ताशी ६० किलोमीटर वेगात कोणतीही गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. त्यानंतर ४० टन वजन थांबवायचं, तेही उतारावर.

लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की ब्रेक तापतात. तापले की पकड सुटते. म्हणूनच जुने ड्रायव्हर नव्या पोरांना एक गोष्ट शिकवतात: ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. कमी गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकवर भार येत नाही.

पण डिझेल वाचवायचं म्हणून काही जण उतारावर गाडी न्यूट्रल टाकतात, कुणी तर इंजिनच बंद करतं. २०२२ च्या अपघातात आधी "ब्रेक फेल" असं सांगितलं गेलं. नंतर मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं तपासात पुढे आल्याच्या बातम्या आल्या. इंजिन बंद झालं की ब्रेकसाठी लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकला कमी होत जाते. स्टिअरिंग जड होतं. म्हणजे गाडी आवरायची सगळी साधनं एकदमच हातातून निसटायला लागतात. दोन-चार लिटर डिझेलसाठी हा सौदा! यात ट्रकवाल्याची चूक आहे आणि ती स्पष्ट सांगितलीच पाहिजे.

आणि आपण काय करतो?

आता आपल्याकडे बघू. ट्रकच्या पुढे थोडी मोकळी जागा दिसली की आपण लगेच तिथे कार घुसवतो. आपल्याला वाटतं, जागा रिकामी होती. ती रिकामी नसते. ट्रकवाल्याने ब्रेक लागायला म्हणून ते अंतर राखलेलं असतं. आपण कट मारून आत शिरतो, पुढे गर्दी दिसली की ब्रेक दाबतो. आपली कार थांबते. मागचा ४० टनांचा गडी कसा थांबणार?

दुसरी गोष्ट न दिसणाऱ्या जागेची. ट्रकच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि दोन्ही बाजूंना, विशेषतः डावीकडे, असे पट्टे असतात जिथलं वाहन चालकाला दिसतच नाही. साधा हिशेब आहे. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तरी आपण डावीकडून बाइक पुढे काढतो, तीही मागे बायको आणि पुढे टाकीवर पोर बसवून.

तिसरी गोष्ट इंडिकेटरची. हायवेवर कुणी ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन "जा पुढे" म्हणतो, तर दुसरा त्याच इंडिकेटरवर खरंच उजवीकडे वळतो. त्यामुळे नुसत्या इंडिकेटरच्या भरवशावर ओव्हरटेक करू नये. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच करावा. हॉर्नचंही तेच. ट्रकच्या मागे लिहिलेलं "हॉर्न ओके प्लीज" वाचत आपण लहानाचे मोठे झालो. विनाकारण हॉर्न वाजवायला त्यातून प्रोत्साहन मिळतं म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अप्पर मारत राहणं हाही त्यातलाच प्रकार. समोरचा दोन-तीन सेकंद आंधळा होतो, मग तो ट्रकवाला असो की कारवाला.

हा प्रश्न हायवेपुरता नाही

बिबवेवाडीकरांना हे वेगळं सांगायला नको. मार्केट यार्ड आपल्या शेजारी आहे. आपल्या ताटातला कांदा, बटाटा, फळं ट्रकनेच येतात. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे उतरणारा रस्ता म्हणजे छोटा नवले पूलच. २०२५ च्या जून महिन्यात गंगाधाम चौकात ट्रकच्या धडकेत दुचाकीवरच्या एका तरुण महिलेचा जीव गेला. अवजड वाहनांना बंदी असलेल्या रस्त्यावर ट्रक आलाच कसा, असा सवाल तेव्हा रहिवाशांनी केला. तो सवाल रास्तच होता. बंदीचा बोर्ड लावून काम संपत नाही, तिथे कुणीतरी उभंही राहावं लागतं.

देशाचा आकडाही बघा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सगळ्यात मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता. म्हणजे ट्रक आणि कारच्या भांडणात मरतो तो बहुतेकदा तिसराच.

केबिनमधला माणूस

आपल्या समाजात ट्रक, टेम्पो चालवणारे, गॅरेजवाले, डेंटिंग-पेंटिंग करणारे, मोटार मेकॅनिक घराघरांत आहेत. कुणाचे अब्बा, कुणाचे चाचा, कुणाचा मामेभाऊ. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, शेवटची पूर्ण झोप कधी झाली? कायदा सांगतो की चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवू नये. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या कायद्यातही हीच मर्यादा होती. पण पैसे फेऱ्यावर मिळत असतील आणि माल वेळेत पोचवायचा दबाव असेल, तर तास कोण मोजणार? रात्री थांबायला सुरक्षित जागा नाही, डिझेल चोरीची भीती, आणि अनेक गाड्यांवर आता क्लीनरही नसतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्यावर धावणारे जुने लाखो ट्रक तापलेल्या केबिनचेच आहेत.

जास्त माल भरायचा निर्णयही बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसतो. ओव्हरलोडसाठी मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे. तो मालकाच्या आणि माल भरणाऱ्याच्या खिशाला खरोखर लागला, तरच उतारावरचं वजन कमी होईल.

पळून जाणं आणि मारहाण

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी काम बंद केलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. कारण होतं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२). अपघातात जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. सरकारने चर्चा केली आणि १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू करताना हे कलम बाजूला ठेवलं.

दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. जखमीला रस्त्यावर टाकून पळणं हा गुन्हा आहेच, माणुसकीलाही धरून नाही. पण जमावाची भीतीही खोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये, जखमीला मदत करण्याचं चालकाचं कर्तव्य सांगताना जमावाच्या संतापाचा अपवाद कायद्यानेच मान्य केला आहे. म्हणजे आपल्या हातातला दगड चालकाला पळायला लावतो आणि जखमीला मिळणारी पहिली मदत हिरावतो. ड्रायव्हरला धरा, पोलिसांच्या ताब्यात द्या. मारू नका.

मदत करणाऱ्यालाही घाबरायचं कारण उरलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार करण्याची योजनाही मे २०२५ मध्ये जाहीर झाली. ही माहिती घरात सगळ्यांना असू द्या. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

मग करायचं काय?

नवले पुलाजवळ रंबलर लावले, कॅमेरे बसवले, वेगमर्यादा खाली आणली. जांभुळवाडी ते रावेत उन्नत मार्गाचा प्रस्तावही चर्चेत आहे. हे सगळं व्हायलाच हवं. उताराची रचना चुकली असेल तर ती दुरुस्त करणं प्रशासनाचं काम आहे, ते आपल्या शिस्तीवर ढकलून चालणार नाही. पण उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी याच उतारावरून आपल्याला जायचंय.

म्हणून कार आणि बाइकवाल्यांनी ट्रकच्या पुढची जागा सोडावी, डावीकडून घुसू नये, उतारावर ट्रकच्या मागे-पुढे रेंगाळू नये. ट्रकवाल्यांनी न्यूट्रल टाकू नये, डाव्या लेनमध्ये राहावं, बोगद्याआधी ब्रेक आणि हवेचा दाब तपासावा, झोप आली तर गाडी बाजूला घ्यावी. मालकांनी त्यासाठी अर्धा तास उशीर सोसावा.

रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. काटा, दगड, काच, सगळं उचलायला सांगतो. मग तोच मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या हाती गाडीची चावी देताना एवढंच आणखी सांगायचं: बेटा, रस्त्यातला काटा तू स्वतः होऊ नकोस. त्या ट्रकमध्येही कुणाचा तरी अब्बा बसलाय आणि त्याच्याही घरी कुणीतरी फोन हातात घेऊन वाट बघतंय.