पुरलेला ब्रश

गेल्या महिन्यात निरगुडसरला ताईकडे चार दिवस मुक्काम होता. गावाभोवती ऊस उभा. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे दिवेलागण झाली की मुले घरात, आणि अंगणातला मोत्याही घरात. अशा लांबलेल्या संध्याकाळी आठ वर्षांच्या भाच्यापुढे मी ‘हॅरी द डर्टी डॉग’ हे चित्रपुस्तक उघडले. जीन झायन यांची कथा आणि मार्गारेट ब्लॉय ग्रॅहम यांची चित्रे असलेले हे पुस्तक १९५६ साली अमेरिकेत निघाले. मजकूर इंग्रजी, तो मी मराठीत सांगत गेलो.

हॅरी हा काळ्या ठिपक्यांचा पांढरा कुत्रा. त्याला आंघोळ तेवढी नकोशी. म्हणून तो अंग घासायचा ब्रश अंगणात पुरतो आणि पळ काढतो. दिवसभर धूळ-कोळशात लोळून परततो तेव्हा तो पांढऱ्या ठिपक्यांचा काळा कुत्रा झालेला असतो. घरचे त्याला ओळखत नाहीत. बिचारा नाना कसरती करून दाखवतो, व्यर्थ! अखेर ब्रश उकरून तो स्वतःच न्हाणीघराकडे धावतो.

अशा कथांतील विनोदाचे मर्म चित्रांत असते. घरच्या मोठ्यांना जे कळत नाही, ते ऐकणाऱ्या बालकाला चित्र पाहताक्षणी कळते. भाचा तर ‘अहो, तो हॅरीच आहे!’ म्हणून त्या मंडळींवर ओरडलाच. त्यासाठी पान उलटण्याची घाई करू नये. आपल्याकडे माधुरी पुरंदरे स्वतः लिहून स्वतःच चित्रे काढतात. त्यांची पुस्तके अशीच रेंगाळत पाहण्याजोगी आहेत.

आणखी एक गोष्ट मला त्या संध्याकाळी जाणवली. हॅरीला शेवटी कोणी मारीत नाही, हाकलून देत नाही. पुस्तक मिटल्यावर भाचा काही वेळ गप्प राहिला. मग विजारीचा पाय वर करून त्याने पोटरीवरची खूण दाखवली. तीन दिवसांपूर्वी भाकरीच्या ओढाताणीत मोत्याचा दात लागला होता, रक्तही आले होते. “मामा, मोत्याला सोडून नाय ना देणार?” एवढाच त्याचा प्रश्न.

पालकहो, मुले हे लपवतात ते दोन भयांमुळे: प्राणी घरातून जाईल, आणि ‘पोटात चौदा इंजेक्शने’ घ्यावी लागतील. दुसरे भय आता जुने झाले. हल्ली लस दंडात, अगदी लहानग्यांना मांडीत, ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा टोचतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेवर उपचार झाले तर मात्र तो टाळता येतो. दात वा नख लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस सरण्याची वाट पाहत लस थांबवू नये. उशीर झाला असला तरी जावेच.

आम्ही त्याच रात्री जखम धुतली आणि सकाळी उघडताच सरकारी दवाखाना गाठला. ताई रागावली, पण माझ्यावर. पोराला असली पुस्तके कशाला दाखवतोस म्हणून आधी, आणि ती आधीच का आणली नाहीस म्हणून नंतर. मोत्या दहा दिवस बांधून ठेवला होता. तो ठणठणीत राहिला. आता त्यालाही पशुवैद्याकडून लस टोचून घेतली आहे.

तिसऱ्या टोचणीनंतर भाच्याने वहीतले एक चित्र मला पाठवले. त्यात मोत्या चिंचेखाली खड्डा उकरतो आहे, आणि खड्ड्यात ब्रशाऐवजी इंजेक्शनची भलीमोठी सुई आहे.