कॅनडात मास्टर्स झालं, नोकरीही लागली, तरी पीआर का अडतोय?

'दोन वर्षं शिक्षण, तीन वर्षं नोकरी, मग पीआर.' कॅनडाला निघालेल्या पोरापोरींच्या घरात हे वाक्य पाढ्यासारखं पाठ असतं. एजंटही तेच सांगतो, नातेवाईकही तेच सांगतात. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे अर्ज लपलेले आहेत. पहिले दोन मंजूर झाले म्हणजे तिसरा होणारच, असं कॅनडा सरकारने कधीच कबूल केलेलं नाही.

पहिला अर्ज स्टडी परमिटचा. त्यावर जानेवारी २०२४ पासून संख्येची मर्यादा आहे. दुसरा अर्ज शिक्षणानंतर नोकरी करायच्या वर्क परमिटचा, म्हणजे पीजीडब्ल्यूपीचा. हे परमिट जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं आणि आयुष्यात एकदाच मिळतं. मास्टर्सवाल्यांना तीन वर्षं मिळू शकतात, पण एका वर्षाचा डिप्लोमा केला तर परमिटही साधारण वर्षाचंच. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अटही लागली, आणि कॉलेजातल्या डिप्लोमावाल्यांना विषयाचीही. फी भरायच्या आधी हे तपासलं नाही, तर पहिला दणका इथेच बसतो.

खरा खेळ तिसऱ्या अर्जात आहे. शिकून तिथेच नोकरी करणारे बहुतेक जण एक्सप्रेस एन्ट्रीतल्या 'कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास'मधून जातात. त्यासाठी मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष कुशल कामाचा अनुभव लागतो. फुल टाइम शिकताना केलेला पार्ट टाइम जॉब त्यात धरत नाहीत, कॅशियरचं कामही चालत नाही. एक वर्ष भरलं की माणूस पात्र होतो. पण पात्र होणं म्हणजे फक्त रांगेत उभं राहणं. पुढे प्रत्येकाला सीआरएसचे गुण मिळतात, ठरावीक दिवसांनी फेरी निघते आणि वरच्या गुणांवाल्यांनाच बोलावणं येतं. आपल्याकडच्या कॅप राउंडसारखंच, फरक इतकाच की किती फेऱ्या होणार आणि कधी, हे आधी कुणालाच माहीत नसतं.

आता हिशोब करू. समजा, नाशिकची एक मुलगी बी.ई. झाल्या झाल्या २२ व्या वर्षी कॅनडाला गेली. मास्टर्स केलं, वर्षभर नोकरी केली, लग्न झालेलं नाही. वयाचे ११०, मास्टर्सचे १३५, आयईएल्ट्स चांगली गेली (ऐकण्यात ८, बाकी तिन्हींत ७) तर त्याचे १२४, कॅनडातल्या एका वर्षाच्या नोकरीचे ४०. शिक्षण आणि भाषा या जोडीचे ५०, कॅनडात शिकल्याचे ३०. एकूण ४८९.

आणि २०२५ मध्ये या गटाची कटऑफ साधारण ५१५ ते ५४७ च्या दरम्यान फिरत होती.

म्हणजे सगळं 'बरोबर' करूनही ही मुलगी बाहेर. नोकरीचं दुसरं वर्ष भरलं की ५०२, तिसरं भरलं की ५१३. आयईएल्ट्स पुन्हा देऊन अजून वर गेली तर ५२५. तोवर वर्क परमिट संपत आलेलं असतं.

आता तिच्याच वर्गातली मैत्रीण घ्या. तिने आधी पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि २५ व्या वर्षी गेली. बाकी सगळं सारखं. तिच्या भारतातल्या अनुभवाला चांगल्या इंग्रजीची जोड मिळून आणखी ५० गुण मिळतात. कॅनडातल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षानंतर तिचे होतात ५३९. वयाचे गुण तेच, कारण २० ते २९ पर्यंत ते कमी होत नाहीत. 'गॅप पडेल' म्हणून पोरांना घाईने पाठवणाऱ्या आईवडिलांना हा आकडा सहसा कुणी दाखवत नाही. दाखवून एजंटचं कमिशन तीन वर्षं कशाला लांबवायचं?

कटऑफ इतकी वर का गेली? फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडच्या काळात एका फेरीत ७५ गुणांवर २७,३३२ जणांना बोलावलं होतं. त्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात, पण तो अपवाद होता. नंतर विद्यार्थ्यांची संख्या फुगली, घरभाडी भडकली, राजकारण तापलं. २०२५ साठी ५ लाख लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं. २०२६ पासूनचं लक्ष्य वर्षाला ३ लाख ८० हजार आहे. रांग लांब आणि दार अरुंद.

त्यात मार्च २०२५ मध्ये जॉब ऑफरचे ५० ते २०० गुण काढून टाकले. कारण उघड होतं, कागदोपत्री नोकऱ्या विकल्या जात होत्या. आजही कुणी 'पैसे द्या, ऑफर लेटरवर गुण वाढवतो' म्हणत असेल, तर तो रद्द झालेली नोट विकतोय.

मग काय उरतं? एखाद्या प्रांताने निवडलं तर थेट ६०० गुण मिळतात. पण त्या जागा २०२५ मध्ये १ लाख १० हजारांवरून ५५ हजारांवर आणल्या होत्या, २०२६ साठी ९१,५०० आहेत. आरोग्य, बांधकामातली कुशल कामं यांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात. आपल्या इंजिनियर मंडळींना आशा असते ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या फेरीची, पण २०२५ च्या अख्ख्या वर्षात ती एकदाही निघाली नाही.

उलट फ्रेंच येणाऱ्यांना मार्च २०२५ मध्ये ३७९ गुणांवर बोलावलं, तेही ७,५०० जणांना. अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून घेतलेली फ्रेंच इथे पुरत नाही. चारही कौशल्यांत साधारण बी-टू पातळी लागते, शून्यापासून सुरुवात केली तर त्याला दीड-दोन वर्षं सहज जातात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेज आहे. नोकरी, भाडं आणि थंडी सांभाळत तिथे जाऊन सुरुवात करण्यापेक्षा इथून शिकून जाणं सोपं.

वर्क परमिट संपायच्या आत बोलावणं आलं आणि पीआरचा अर्ज गेला, तर निकाल लागेपर्यंत काम करायला ब्रिजिंग परमिट मागता येतं. नाही आलं तर कामाचा हक्क संपतो, कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. तो बहुतेक कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू झालेला असतो आणि अनेकदा त्यामागे गावाकडचं घर तारण असतं. परत यावं लागलं तरी प्रोफाइल बाद होत नाही. कॅनडातलं ते एक वर्ष मागच्या तीन वर्षांत बसत असेल, तोवर भारतात नोकरी करत करतही फेरीची वाट पाहता येते.