वाट पाहण्याची फी

पदवीनंतर पुढे का शिकता येत नाही, याची चर्चा आपल्याकडे फी आणि स्पर्धा या दोन शब्दांतच संपते. फी परवडत नाही आणि जागा कमी आहेत, हे खरेच आहे. पण आणखी एक किंमत मोजावी लागते आणि ती कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. ती किंमत वाट पाहण्याची. शेवटच्या सत्राचा पेपर आणि नव्या वर्गातला पहिला दिवस यांच्यामध्ये जे अनिश्चित महिने जातात, ते ज्या घरात दोन पगार येतात तिथे निभावून जातात. ज्या घराचे डोळे मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या पगाराकडे लागलेले असतात, तिथे निभावत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातले सुमारे ७९ टक्के विद्यार्थी पदवीच्या वर्गात होते आणि पदव्युत्तर वर्गात जेमतेम १२ टक्के. पदवीला वर्षे जास्त लागतात हे जमेस धरले तरी ही तफावत मोठी आहे. ती सगळी विलंबामुळे पडते असा माझा दावा नाही. मात्र नवी इमारत न बांधता, नवे अनुदान न देता दूर करता येईल असे तिचे एक कारण विलंब हेच आहे.

गेल्या काही वर्षांतल्या तारखाच पाहा. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी १८ एप्रिल २०२१ ला व्हायची होती. करोनामुळे ती पुढे गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. मग आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि प्रवेशफेऱ्या सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोपर्यंत रुग्णालयांत निवासी डॉक्टरांची एक अख्खी तुकडी कमी होती आणि उरलेले दुप्पट काम ओढत होते. २०२४ मध्ये हीच परीक्षा २३ जूनला होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक उमेदवार परगावच्या केंद्रांवर पोहोचलेही होते. त्याच महिन्यात, १८ जूनला नऊ लाखांहून अधिक जणांनी दिलेली यूजीसी-नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली. पीएचडीच्या प्रवेशासाठी नेटचे गुण धरण्याची सुरुवात त्याच परीक्षेपासून व्हायची होती, त्यामुळे संशोधनाचे दारही अडले. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा घोळ अजून कोणी विसरलेले नाही. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पुरेशा तयारीविना संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल कित्येक महिने लांबले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. पण परदेशी विद्यापीठात किंवा दुसऱ्या राज्यात प्रवेश ठरलेला असून हाती गुणपत्रिका नसलेल्यांचे वर्ष त्यामुळे परत आले नाही. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी उन्हाळ्यापर्यंत उरकलेली असूनही प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना गणपती येऊन जातात, हेही वकिलीकडे वळणाऱ्यांना आता सवयीचे झाले आहे.

या महिन्यांत विद्यार्थ्याचे नेमके काय होते? पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला दरमहा भाडे, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे भरावेच लागतात. चार महिन्यांनी सोडून जाणाऱ्याला कोणी धड नोकरी देत नाही. म्हणून हातचे सुटू नये यासाठी नको असलेल्या एमए-एमकॉमला प्रवेश घ्यायचा, फी भरायची आणि नंतर रद्द करून परताव्यासाठी खेटे घालायचे. मुलींच्या बाबतीत तर हा काळ जास्तच घातक ठरतो. कॉलेज चालू असते तोवर स्थळांची चर्चा थोपवता येते. घरी रिकामी बसलेली दिसली की ती थोपवणे तिच्या हातात राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की सरकारने फीमाफी केली आहे, आणखी काय हवे? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगलाच आहे आणि त्याचे स्वागत करायला हवे. पण ती माफी प्रवेश झाल्यावर मिळते. प्रवेशाआधीच जी गळते तिच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेपर फुटला असेल तर परीक्षा रद्द करणेच न्याय्य, आणि न्यायालयात गेलेला वाद घाईने मिटत नाही. हे मान्य. परंतु रद्द करण्यातला न्याय विद्यार्थ्याच्या खर्चाने का व्हावा, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय एवढ्या मोठ्या देशात वेळापत्रक पाळणे अशक्य, हेही खरे नाही. आयआयटींमधल्या एमएससीसाठीची जॅम फेब्रुवारीत होते आणि निकाल मार्चमध्ये लागतो, म्हणजे पदवीची शेवटची परीक्षा द्यायच्या आतच मुलाला आपण कुठे उभे आहोत ते कळते. आयआयएमची कॅट नोव्हेंबरअखेर होते आणि वर्ग जूनच्या सुमारास भरतात. कॅटलाही उमेदवार लाखांनीच असतात.

राज्याला नवा कायदाही नको आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे. ते काटेकोरपणे पाळले तर अर्धा गुंता तिथेच सुटेल. उरलेल्यासाठी सीईटी कक्षाने परीक्षेची तारीख जाहीर करतानाच शेवटच्या फेरीची आणि वर्ग सुरू होण्याचीही तारीख जाहीर करावी. ती चुकली, तर विद्यार्थ्याने दरम्यान अन्यत्र भरलेली फी पूर्ण परत मिळावी आणि वसतिगृहातली त्याची खोली नव्या प्रवेशापर्यंत कायम ठेवावी. पुढच्या वर्षीच्या सीईटीचे वेळापत्रक निघण्यापूर्वी उच्च शिक्षण विभागाने एवढे लेखी द्यावे.