भरतीची तयारी, ओहोटीच्या वेळी

अलिबागच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. घोडागाड्या आणि भेळेच्या गाड्या लागायच्या आधी ट्रॅक पँट घातलेली मुलं-मुली ओल्या, घट्ट वाळूवरून पळत असतात. कुणाच्या हातात मोबाइलवरचं स्टॉपवॉच, कुणाच्या हातात लोखंडी गोळा. ही सगळी पोलीस भरतीची पोरं. गंमत अशी की, भरतीची तयारी करायला यांना ओहोटी लागते. पाणी मागे सरकलं की मगच पळायला जागा मिळते आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते. म्हणजे सरावाचं टाइमटेबल समुद्र ठरवतो.

माझा मावसभाऊ यांच्यातलाच एक. रेवदंड्याजवळच्या गावातला, घरची होडी असलेला, चालायला लागला तेव्हापासून पोहणारा. मागच्या भरतीत तो मैदानी चाचणी पास झाला आणि लेखीत अडकला. आता पुन्हा तयारी करतोय. एका सकाळी त्याच्यासोबत पळायला गेले (दोन फेऱ्यांत खाली बसले, ते सोडा) आणि डोक्यात प्रश्न आला. या किनाऱ्यावरच्या पोलिसांना रात्रंदिवस समुद्राकडे डोळे लावून बसावं लागतं. मग इथल्या भरतीत समुद्राला किती मार्क?

उत्तर आहे, शून्य.

आधी भरतीचं गणित समजून घेऊ. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास असावं लागतं. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० मार्कांची. मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर, त्याला २० मार्क. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यात निम्मे मार्क मिळवलेच पाहिजेत. त्यातूनही प्रत्येक प्रवर्गात एका जागेमागे दहाच जण लेखीला बोलावतात. लेखी १०० मार्कांची : अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. २०१९ मध्ये आधी लेखी, मग मैदानी असा क्रम केला होता. २०२२ मध्ये तो पुन्हा उलटा झाला.

स्पर्धा किती? २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांवर आले. म्हणजे एका खुर्चीमागे शंभर जण. त्या वेळी मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली, ऐन पावसाच्या तोंडावर. कोकणात जूनमध्ये पळायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदांना मंजुरी दिली आणि ऑक्टोबरअखेर अर्ज सुरू झाले. पुन्हा वाळूवर गर्दी वाढली.

आता समुद्राचा मुद्दा. १९९३ मध्ये मुंबई हादरवणारी स्फोटकं आणि शस्त्रं याच जिल्ह्यात, दिघी आणि श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. १२ मार्चच्या त्या स्फोटांत २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातलेही काही जण दोषी ठरले. २००८ मध्ये अतिरेकी मुंबईत आले तेही समुद्रातूनच. त्यानंतर सागरी सुरक्षेवर भर वाढला. आज रायगडात मांडवा आणि दिघीला सागरी पोलीस ठाणी आहेत. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट सापडली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. ती बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची होती. इंजिन बिघडल्यामुळे लोकांनी ती सोडून दिली आणि ती वाहत इकडे आली, हे नंतर कळलं. पण त्या दिवशी सगळा जिल्हा श्वास रोखून बसला होता.

अशा वेळी किनाऱ्यावर कोण पाहिजे? वारा बघून बोट कुठे लागेल हे सांगणारा. कुठली होडी आपल्या बंदरातली आणि कुठली परकी, हे लांबून ओळखणारा. म्हणूनच तर पोलीस मच्छीमारांना सोबत घेऊन सागर रक्षक दलं चालवतात. म्हणजे कोळ्याच्या मुलाचं ज्ञान खात्याला हवं आहे. फक्त ते स्वयंसेवक म्हणून हवं, भरतीत त्याचा हिशोब नाही.

इथे गावागावात एक तक्रार ऐकू येते, ‘बाहेरची मुलं येऊन आमच्या जागा घेतात.’ राग समजतो, पण मला हा मुद्दा पटत नाही. राज्यातला कुणीही कुठल्याही जिल्ह्यात अर्ज करू शकतो. जन्मस्थान किंवा राहण्याचं ठिकाण बघून सरकारी नोकरीत भेदभाव करायला राज्यघटनेच्या कलम १६ ने मनाई केली आहे. शिवाय बीड-लातूरची मुलं वर्षानुवर्षं अकॅडमीत राहून तयारी करतात. ती पुढे गेली, तर चूक त्यांची कशी?

खरा प्रश्न ‘कुठला’ हा नाही, ‘काय येतं’ हा आहे. आणि खात्याने हे तत्त्व आधीच मान्य केलंय. चालक पोलीस शिपाई हे वेगळं पद आहे, त्याला लायसन्स लागतं आणि गाडी चालवून दाखवावी लागते. बॅण्डस्मनला वाद्य वाजवून दाखवावं लागतं. मग सागरी ठाण्याच्या शिपायाला पोहून दाखवायला का सांगू नये? बोटीवरच्या तांत्रिक माणसांचं सोडा, ठाण्यातल्या साध्या शिपायाबद्दल बोलतेय. निवड झाल्यावर सागरी प्रशिक्षण मिळतं, त्यासाठी गुजरातमध्ये ओखा इथे राष्ट्रीय अकादमीही आहे. पण ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला तिथे पाठवण्यापेक्षा, ज्याचं पाण्याशी नातं आहे त्याला निवडणं सोपं नाही का? यात जिल्ह्याची अट नको. लातूरच्या मुलीला पट्टीचं पोहता येत असेल, तर जागा तिची.

नियम बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? पहिलं, मैदानी चाचणी हे दार आहे, घर लेखीचं आहे. १५० पैकी १०० मार्क तिथे आहेत, आणि आमच्याकडची बरीच मुलं माझ्या भावासारखी तिथेच अडकतात. दुसरं, सगळा सराव वाळूवर करू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी कडक मैदान शोधा, नाहीतर घड्याळ फसवतं. तिसरं, कागद. सोनकोळी समाजाला विशेष मागास प्रवर्गाचं २ टक्के आरक्षण आहे, प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के, होमगार्डना ५ टक्के. थळ, उरणच्या कितीतरी घरांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला कपाटात पडून असतो. जाहिरात आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा. चौथं, एका पदासाठी राज्यात एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. उरण-पनवेल जिल्ह्याने रायगडात असले, तरी पोलिसांच्या हिशोबात नवी मुंबई आयुक्तालयात येतात. फॉर्म भरताना नीट बघा. आणि पदवी असेल, तर एमपीएससीतून उपनिरीक्षकाचा रस्ताही आहेच.

परवा भावाला विचारलं, नाही झालं तर? तो काही बोलला नाही. अंकगणिताचं पुस्तक होडीत ठेवलं आणि बाबांसोबत जाळी भरायला लागला. पाणी चढत होतं. पळायची वेळ संपली होती, अभ्यासाची बाकी होती.