विमा यंत्राचा, जोखीम माणसाची

२०४७ सालापर्यंत देशातील प्रत्येक नागरिकाला आणि प्रत्येक उद्योगाला विम्याचे संरक्षण मिळेल, अशी घोषणा विमा नियामक प्राधिकरणाने केली आहे. घोषणा भव्य आहे. तिच्यामागील वस्तुस्थिती मात्र तितकीशी भव्य नाही. २०२३-२४ साली आयुर्विमा वगळता इतर सर्व प्रकारच्या विम्याचे हप्ते एकत्र केले, तरी ते देशाच्या सकल उत्पादनाच्या अवघ्या एका टक्क्याच्या आसपास भरले. त्यातही सिंहाचा वाटा मोटारींचा आणि आरोग्याचा. मग स्वतःच्या हत्यारावर पोट भरणाऱ्या लक्षावधी छोट्या माणसांच्या वाट्याला काय उरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एकच धंदा तपासला तरी पुरेसे आहे. लग्नकार्ये, सभासंमेलने, जाहिराती आणि स्थानिक वाहिन्यांच्या बातम्या यांचे चित्रण करणारा, ज्याला गावोगावी ‘शूटिंगवाला’ म्हणतात, त्याचा धंदा.

इंदूर असो की बेळगाव, हैदराबाद असो की बडोदे, या माणसाची स्थिती सर्वत्र सारखीच आहे. त्याच्याजवळ एक किंवा दोन कॅमेरे, काही भिंगे, दिवे आणि संपादनासाठी एक संगणक असतो. बहुतेक माल कर्जाचा, काही भाड्याचा. लग्नसराईचे मोजके मुहूर्त हाच त्याचा हंगाम; उरलेल्या महिन्यांत मिळेल ते काम. मदतीला रोजंदारीवरचे दोन-तीन तरुण. रात्रभर वरातीपुढे उलट्या पावलांनी चालायचे, जनित्राच्या वायरी पावसात ओढायच्या, मांडवाच्या खांबावर चढून दिवा बांधायचा. पैशाचा व्यवहार इसारावर चालतो आणि उरलेली रक्कम चित्रफीत हाती पडल्यावर, तीही यजमानाच्या मर्जीप्रमाणे, मिळते.

सरकारी परिभाषेत हा माणूस ‘उद्योजक’ आहे. मुद्रा योजनेचे कर्ज देताना त्याला हेच सांगितले जाते, आणि कर्जासोबत विमाही घ्यावयास सांगितले जाते. विमापत्रावर बँकेच्या हक्काचे कलम असते; भरपाईची रक्कम प्रथम बँकेकडे जाते. म्हणजे हप्ता त्याने भरायचा आणि सुरक्षित व्हायचे ते बँकेचे भांडवल. कॅमेरा गेला तर कर्ज फिटेल, एवढीच हमी. दुसऱ्या दिवशी त्याने कोणत्या हत्याराने काम करायचे, या प्रश्नाशी विमापत्राला कर्तव्य नाही.

आता त्या विमापत्राच्या आत डोकावून पाहू. ते बहुधा इंग्रजीत असते आणि ज्याने सही करायची त्याला त्यातले शेवटचे पान कोणी वाचून दाखवत नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रचलित विमापत्रात विम्याची रक्कम ठरवताना तशाच नव्या यंत्राची आजची किंमत धरावी लागते. हप्ता त्या किमतीवर. पण यंत्र पूर्णपणे नष्ट झाले, तर भरपाई मिळते ती घसारा वजा जाता उरलेल्या किमतीची. हप्ता नव्याचा, भरपाई जुन्याची!

हप्ता कमी बसावा म्हणून त्याने किंमत कमी दाखवली, तर दुसरे कलम तयारच असते. समजा, सामान चार लाखांचे आहे आणि विमा दोन लाखांचा उतरवला. एक लाखाचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणते की निम्म्या जोखमीचा विमेदार तूच आहेस. सबब पन्नास हजार घे. त्यातूनही विमेदाराने स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम वजा होते. दोन लाखांचा विमा असूनही एक लाखाचे नुकसान भरून निघत नाही, हे त्या माणसाला कळते ते नुकसान झाल्यानंतर.

चोरीचे कलम तर याहून बोलके आहे. घरफोडीच्या विम्यात ‘बळाचा किंवा हिंसेचा वापर’ ही अट असते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की विमापत्रात ही अट असेल तर बळाचा वापर न करता झालेली चोरी त्या विम्यात येत नाही. आता लग्नाच्या कार्यालयाकडे पाहा. तेथे कुलूप तोडून चोरी होत नाही. पंगत चालू असताना खुर्चीवर ठेवलेली पिशवी कोणीतरी उचलून नेतो. या धंद्यातील चोरी नेहमी जशी होते, नेमकी तशी झालेली चोरी साध्या घरफोडीच्या विम्यात बसत नाही. सर्व जोखमींचा विमा निराळा मिळतो. पण त्याचा हप्ता जास्त असतो, आणि उभ्या मोटारीत लक्ष न ठेवता ठेवलेला माल त्यातूनही बहुधा वगळलेला असतो.

या हप्त्यावर पुन्हा अठरा टक्के वस्तू व सेवा कर. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा या करातून मुक्त करण्यात आला. हत्याराच्या आणि दायित्वाच्या विम्याला ती सवलत नाही. मोठी चित्रपटसंस्था हा कर आपल्या देण्यातून वळता करून घेते. वर्षाला वीस लाखांहून कमी उलाढाल असलेला आणि म्हणून नोंदणी नसलेला शूटिंगवाला तो वळता करू शकत नाही. मोठ्याला सूट आणि लहानाला भुर्दंड, हाच या व्यवस्थेचा न्याय!

परंतु खरा प्रश्न यंत्राचा नाही, माणसाचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतचे लहान ड्रोन वगळता इतर ड्रोनला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. मोटारींना लागू असलेल्या तरतुदीच तेथे लागू केल्या आहेत. हे योग्यच झाले. वऱ्हाडी मंडळींच्या डोक्यावर यंत्र कोसळले तर त्यांना भरपाई मिळालीच पाहिजे. पण त्याच लग्नात गच्चीच्या कठड्यावर उभा राहून तो ड्रोन उडवणारा तरुण खाली पडला तर? त्याच्यासाठी अशी कोणतीही सक्ती त्या नियमांत नाही. उडणाऱ्या यंत्राचा विमा उतरवल्याशिवाय ते उडवता येत नाही. उडवणाऱ्या माणसाचा विमा नसला तरी कोणाचे काही अडत नाही.

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला वीस रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये. ही योजना नसण्यापेक्षा असणे बरे, यात वाद नाही. पण पाय मोडून तीन महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाला, हंगाम बुडालेल्या माणसाला, ती काहीही देत नाही. मरण आणि कायमचे अपंगत्व यांच्या अलीकडे कष्टकऱ्याचे जे सारे आयुष्य आहे, ते या योजनेच्या कक्षेत येतच नाही.

रोजंदारीवरच्या मदतनिसाचे काय? कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने मान्य केले आणि आता ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहे. मात्र येथे मालक म्हणजे तोच कर्जबाजारी शूटिंगवाला. कामाचा लाभ यजमान घेतो, सोहळ्याचा ठेका घेणारी कंपनी घेते, कार्यालयाचा धनी घेतो. अपघाताचे ओझे मात्र साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर पडते. तिच्याजवळ देण्यासारखे काही नसते, म्हणून मदतनिसालाही काही मिळत नाही. १९८१ चा सिनेकामगार कायदा कथापटांच्या निर्मितीपुरता होता. लग्नाच्या चित्रणाला तो कधीच लागू नव्हता. आणि ज्यांना तो लागू होता, त्यांचेही जिणे सुरक्षित झाले असे नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ एका मोठ्या चित्रपटाच्या सेटवर क्रेन कोसळून तिघांचा बळी गेला. नव्या संहितेने डिजिटल मंचांवरून काम करणाऱ्यांसाठी मंचचालकांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के वर्गणी ठरवली आहे. पण गल्लीतल्या शूटिंगवाल्याला काम मिळते ते ओळखीतून, कोणत्याही मंचावरून नव्हे. त्याच्या नावाने वर्गणी कोण भरणार?

मे २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पडली आणि या धंद्याचा संपूर्ण हंगाम गेला. धंदा बंद पडल्याचा विमा म्हणून जो प्रकार विकला जातो, त्यात सामान्यतः आग किंवा तत्सम कारणाने मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झालेली असावी लागते. कॅमेरा शाबूत होता. उपाशी होता तो माणूस. सबब भरपाई नाही.

आपल्याच चळवळीतील काही जण येथे एक आक्षेप घेतील. शूटिंगवाला हा उत्पादनसाधनांचा मालक आहे, तो मजूर लावतो, म्हणून तो निम्नभांडवलदार आहे. त्याच्या विम्याची चिंता कामगारवर्गाच्या पक्षाने का करावी? हा आक्षेप वरवर शास्त्रीय आणि प्रत्यक्षात पोथीनिष्ठ आहे. ज्याची मालकी बँकेकडे गहाण आहे, जो स्वतःच्या मदतनिसाबरोबर रात्रभर राबतो आणि मोठ्या ठेकेदाराने ठरवलेल्या दरावर काम करतो, त्याची मालकी म्हणजे कर्जाच्या जोखडाला दिलेले गोंडस नाव आहे. भांडवलाने नोकरी देण्याची जबाबदारी टाळण्यासाठीच त्याला ‘मालक’ बनवले आहे. त्याला वाऱ्यावर सोडले, तर तो ‘स्वावलंबना’च्या घोषणा देणाऱ्यांच्या मागे जाईल, आणि त्याच्या हाताखालचे तरुणही त्याच्याबरोबर जातील. मात्र मालक आणि मदतनीस यांच्यातला भेद पुसून टाकणेही तितकेच चूक आहे. मागण्या मांडताना मदतनिसाचा हक्क पहिला असला पाहिजे.

विमा म्हणजे मूलतः अनेकांनी मिळून एकाची आपत्ती वाटून घेणे. ही सामाजिक कल्पना नफ्याच्या हाती गेली की तिचे रूपांतर वगळण्याच्या शास्त्रात होते. म्हणूनच १९७२ च्या कायद्याने शंभराहून अधिक खाजगी विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून त्यांच्या जागी चार सार्वजनिक कंपन्या उभ्या राहिल्या. त्यामागे विमा कर्मचाऱ्यांचा दीर्घ लढा होता. १९९९ च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडले गेले. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्के करण्याची घोषणा झाली. २०२१ मध्येच सार्वजनिक कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असलाच पाहिजे, ही अटही काढून टाकण्यात आली. आज या चार कंपन्यांकडे बाजाराचा सुमारे एक तृतीयांश भाग उरला आहे. खाजगीकरणाने छोट्या माणसाच्या दारी विमा आला असता, तर पाव शतक हा काही थोडा काळ नव्हे!

सार्वजनिक कंपन्यांचा कारभार निर्दोष होता, असे म्हणण्याचे कारण नाही. वर उल्लेखिलेला २००४ चा निर्णय अशाच एका कंपनीच्या अपिलावर झाला. मालकी सार्वजनिक असूनही व्यवहार खाजगीसारखा राहिला, तर जनता त्या मालकीच्या रक्षणासाठी उभी राहत नाही, हा धडा कडू असला तरी घेतला पाहिजे. सार्वजनिक क्षेत्र वाचवण्याचा लढा आणि त्याने कष्टकऱ्यांना न्याय द्यावा यासाठीचा लढा हे दोन निराळे लढे नव्हेत.

मार्ग अज्ञात नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याला एक मालक नाही, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर जो ओझी वाहतो, त्याच्यासाठीही काम घेणाऱ्यांकडून लेव्ही वसूल करून मंडळामार्फत संरक्षण देता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. त्याच वर्षी केरळने ताडी कामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा केला आणि पुढे तेथे अनेक धंद्यांची अशी मंडळे उभी राहिली. हेच तत्त्व येथे लागू करून पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत:

१. चित्रण-कामगारांसाठी राज्यवार त्रिपक्षीय मंडळे स्थापन करावीत. सोहळ्यांचे ठेकेदार, मंगल कार्यालये, वाहिन्या आणि जाहिरातसंस्था यांच्यावर लेव्ही बसवावी.

२. मदतनिसासह प्रत्येक नोंदीत कामगाराला अपघात, उपचार आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई या निधीतून मिळावी.

३. सार्वजनिक कंपन्यांनी छोट्या कारागिरांच्या हत्यारांसाठी स्वस्त सामूहिक विमा द्यावा. त्यात साधी चोरी समाविष्ट असावी आणि नव्या किमतीवर हप्ता घेतल्यास भरपाईही नव्या किमतीची द्यावी.

४. अशा विम्यावरील अठरा टक्के कर रद्द करावा आणि विमापत्र विमेदाराच्या भाषेत द्यावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. व्यवसायासाठी घेतलेला विमा हा नफा कमावण्यासाठी नसून भरपाईसाठी असतो, म्हणून व्यावसायिक विमेदारही ग्राहक ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. दावा नाकारला गेलेल्या शूटिंगवाल्याला ग्राहक आयोगापर्यंत नेणे, त्याचे विमापत्र त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे, त्याच्या मदतनिसाची असंघटित कामगार म्हणून नोंद करून घेणे, ही कामे कोणत्याही शाखेला आजच हाती घेता येतील. लग्नसराईच्या आधीचे महिने त्यासाठी योग्य आहेत. इतरांच्या आनंदाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या अपघाताची नोंद कोठेही होत नाही. ती संघटनेच्या दप्तरात प्रथम झाली पाहिजे. सरकारच्या दप्तरात ती त्यानंतरच होईल.